सवतीचा टाक

मी बलभीमरावांची दुसरी बायको. पहिली, बानू, तापानं गेली आणि वर्षाच्या आत मी तेर गावी नांदायला आले. आमच्यात रीत अशी, की मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. सासूबाईंनी लग्नादिवशीच तो माझ्या गळ्यात बांधला.

टाकावर तोंड होतं. डोक्यात गजरा, आणि नाक सरळ, धारदार. माझं बसकं. सासूबाईंना आयतं कोलीत मिळालं. भाकरी करपली तरी म्हणायच्या, "बानूचं नाक बघ, आन तुझं बघ." लग्नात वावटळीनं मांडव पडला होता, तेही माझ्या नाकावर ढकललं. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." मालक शेजारी निमूट जेवत असायचे.

सण आला की बानूला आधी नैवेद्य दाखवायचा, आणि मनातून शिव्याही तिलाच. अशी मी म्हातारी झाले.

परवा कॉलेजातली अर्पिता गावातले जुने दागिने बघत आमच्याकडं आली. तिनं टाक भिंगाखाली धरला. कडेची झिजलेली अक्षरं मला दाखवली.

"आजी, हा टाक नाही. रोमचं नाणं आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं. तेव्हा तेरचा व्यापार तिकडं चालायचा. वरची कडी नंतर कुणीतरी जोडलीय."

"आन ही बाई?"

"बाई नाही, राजा आहे. गजरा नाही, पानांचा मुकुट आहे तो."

आधी मला हसू आलं, मग अंगाचा तिळपापड झाला. गावच्या पांढऱ्या टेकाडावर पावसात असली नाणी उघडी पडतात, पोरंसोरं वेचतात. सासूबाईंनी त्यातलंच एक उचललं आणि टाक घडवायचा खर्च वाचवला. त्या तर केव्हाच गेल्या. आता भांडायचं कुणाशी?

मालक ओट्यावर सगळं ऐकत बसले होते. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. बानूचं नाकही चारचौघींसारखंच होतं, एवढं मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"तुमी तर तिला बघितलंय. खरं कसं व्हतं तिचं नाक?"

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आठवंना," ते म्हणाले. "डोळे मिटले की टाकातलंच तोंड दिसतंय."

चार वर्षं नांदली होती ती त्यांच्याजवळ. जिच्यावर मी जन्मभर जळले, ती या घरात कुणाच्या ध्यानातही उरली नव्हती. मी गेल्यावर माझं तोंड तरी किती दिवस आठवेल, असं विचारणार होते. नाही विचारलं.