कुलपाचा शब्द

आबांनी दिवसातून जितक्या वेळा 'अगं मालू' म्हणावं, तितक्या वेळा कुंडलिकच्या पोटात दुखायचं. खोटं कशाला सांगा, दुखायचंच. नौपाड्यातल्या आबांच्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात तो मालूच्या कितीतरी आधीपासून होता. तिथे नुसती दुकानदारांची बिलं छापली जायची तेव्हाही तोच, आणि आता सगळं ठाणं वेबसाइट वेबसाइट करू लागलं तरी तोच. आणि ही चेंदणी कोळीवाड्यातली पोर, परशुराम नाखव्याची मुलगी, काल-परवा आली काय आणि आबांचं पान हिच्यावाचून हलेना काय! तिला माऊस धरायला शिकवलं कोणी? कुंडलिकने. हे तो स्वतःला इतक्यांदा सांगून चुकला होता, की आता नुसतं आठवलं तरी तोंड कडू व्हायचं.

त्यात नव्व्याण्णव साली, गणपती संपता संपता, डोंबिवलीच्या हरिहरशेठचं काम आलं. शेठचा फराळाचा धंदा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी वेबसाइटवर चकल्या-अनारसे मागवावेत आणि तिथल्या तिथे क्रेडिट कार्डाने पैसे भरावेत, अशी त्यांची टूम. पण उघड्या पानावर कार्डाचा नंबर कोण लिहिणार? त्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात ते छोटं मिटलेलं कुलूप दिसावं लागतं. म्हणजे काय, तर एका परदेशी कंपनीने दाखला द्यायचा, की ही साइट खरंच हरिहरशेठचीच आहे. तो दाखला मशीनवर बसवला, की लिहिलेला नंबर असा काही गुंडाळून जातो की वाटेत कुणाला वाचता येत नाही.

"हे कुलूप जो लावील," आबा म्हणाले, "त्याच्याकडे डोंबिवलीचं नवं ऑफिस."

कुंडलिकचे वडील शिवराम यांनी वर्तकनगरच्या बिल्डिंगीत 'पोरगा मॅनेजर होतोय' म्हणून आधीच सांगून ठेवलेलं. आता माघार नव्हती.

"तू कर कुंडलिक. मालूला घे हाताशी."

"मालू कशाला?"

हे तो इतक्या जोरात म्हणाला की आबांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे... मी एकटा करतो आबा. होईल." मालूने मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले. ते बघून कुंडलिकला जरा बरं वाटलं, हेही सांगून टाकायला हवं.

तो मशीनपुढे बसला. आधी एक गुप्त चावी तयार करायची. ती आपल्याच मशीनवर राहते. मग तिच्यावरून अर्ज तयार करून कंपनीला पाठवायचा. अर्जात 'तुमचे नाव' अशी जागा आली तेव्हा आपलं अख्खं नाव वडिलांच्या नावासकट ठोकावं असा त्याला मोह झाला. पण तिथे साइटचा पत्ता घालतात, हे त्याने मालूकडूनच कधीतरी ऐकलं होतं. त्याचाही राग आला. त्याआधीच मशीनने चावीला लावायला एक गुप्त शब्द मागितला होता. डोकं तापलेलंच होतं. जे तोंडात होतं तेच बोटांत उतरलं. इंग्रजी अक्षरांत, सलग: मालूकशाला. पडद्यावर काही उमटलं नाही. मशीनने खात्रीसाठी तोच शब्द पुन्हा मागितला, आणि त्याने तो दुप्पट चवीने पुन्हा टाकला.

कंपनीने कागद मागवले, ते फॅक्सने गेले. खात्रीसाठी कंपनीच्या साहेबाचा फोन आला तेव्हा हरिहरशेठ 'येस येस, फराळ, फराळ' एवढंच ओरडत होते, तरी दाखला आला. कुंडलिकने तो बसवला, शब्द टाकला, आणि कोपऱ्यातलं कुलूप मिटलं. आबांनी पेढे आणले. मालू म्हणाली, "भारी झालं हं दादा." मनापासून म्हणाली. कुंडलिकला त्यातही काहीतरी खोच वाटली.

तो डोंबिवलीच्या ऑफिसात जाऊन बसला. नवी खुर्ची, दारावर नाव. पण साइट ज्यावर चालायची ते मशीन राहिलं नौपाड्यात. तिथे एके दुपारी वीज गेली, बॅटरीने मान टाकली, आणि वीज आल्यावर मशीनने साइट सुरू करण्याआधी तो शब्द मागितला.

"दादा, शब्द मागतंय," मालूचा फोन.

"थांब, मी येतो."

"अहो, फोनवर सांगा ना. मी टाकते."

"असं सांगायचं नसतं. सेफ्टीचा नियम आहे."

तो धावतपळत ठाण्याला गेला, सगळ्यांना पाठमोरं बसवून शब्द टाकून आला. तोवर साइट बंद. त्याच आठवड्यात पुन्हा वीज गेली, पुन्हा तेच. शब्द बदलता येतो हे त्याला ठाऊक होतं; कसा बदलतात ते मालूला ठाऊक होतं. तिला विचारण्यापेक्षा त्याने रिक्षा-गाडीचे हेलपाटे पत्करले. आणि डोंबिवलीला परतताना त्याच्या मनात एकच विचार घुमायचा: आपण खुर्ची मिळवली खरी, पण आबांच्या शेजारी आता दिवसभर तीच बसते.

दिवाळीच्या तोंडावर, ऑर्डरींचा पूर लोटलेला असताना, नौपाड्यातली वीज तिसऱ्यांदा गेली. हरिहरशेठ स्वतः डोंबिवलीच्या ऑफिसात कुंडलिकसमोर बसलेले. न्यू जर्सीहून भाची दुसऱ्या फोनवर, 'मामा, साइट उघडत नाही' म्हणून भुणभुणतेय.

इकडच्या फोनवर आबा. "कुंडलिक, आता येऊ नकोस. शब्द सांग."

"आबा, मी अर्ध्या तासात..."

"नियम मला शिकवू नकोस. मशीन माझं आहे. मालूला देतो, सांग."

हरिहरशेठ टक लावून बघत होते. पळायला वाट उरली नाही.

"सांगा दादा," मालू म्हणाली. "एकेक अक्षर सांगा, मी मोठ्याने म्हणत टाकते, म्हणजे चुकायचं नाही."

"एम."

"एम."

"ए."

"ए."

"एल."

"एल."

"यू," कुंडलिक म्हणाला.

"यू... पुढे?"

"के."

त्यापुढे तिने एकही अक्षर मोठ्याने म्हटलं नाही. तो सांगत राहिला, पलीकडून नुसता कळांचा आवाज येत राहिला. आबा तिच्यामागे उभे राहून बोटं बघत असणार. शेवटचा 'ए' झाला आणि आबांचा आवाज आला, अगदी शांत.

"मालू कशाला. मध्ये जागा सोडायची का रे?"

"नाही," कुंडलिक म्हणाला. "सलग."

"सुरू झाली साइट," मालू म्हणाली.

"लागलं कुलूप!" भाचीचा फोन कानाला लावूनच हरिहरशेठनी कुंडलिकच्या पाठीवर थाप मारली. "वा कुंडलिक, मानलं तुला!" भाचीच्या अनारशांची ऑर्डर गेली. कुंडलिकला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेठ बाहेर गेल्यावर त्याने रिसीव्हर तोंडाशी धरून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे काही मागितलं.

"मालू, तेवढा शब्द बदल ना. तुला येतं ते."

"येतं," ती म्हणाली. "पण राहू दे दादा. इथली वीज काय, जातच असते. आणि यापुढे शब्द मलाच टाकायचाय. आता पाठ झालाय."