अ‍ॅप्रनवरचा शिक्का

पुढारीण हे नाव तिला काकांनी चिडवायला ठेवलं होतं. कॉलेजात येऊन तिनं ते खरं करून दाखवलं. अ‍ॅप्रन नसेल तर केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पाऊल ठेवू देत नाहीत आणि नवा अ‍ॅप्रन सगळ्यांना परवडत नाही, म्हणून तिनं मदत मंडळ काढलं. सीनिअर मुलांचे जुने अ‍ॅप्रन गोळा केले, धुतले, तुटलेली बटणं लावली आणि प्रत्येकाच्या खिशावर मंडळाचा ठसठशीत निळा शिक्का मारला. एवढं राबल्यावर लोकांनी निदान कदर करावी की नाही?

तर वर्गातल्या एका उंच मुलीनं, लंबूनं, काय केलं? मिळालेला अ‍ॅप्रन घरी ठेवून दोन प्रॅक्टिकलं बुडवली. तिसरं बुडालं की परीक्षेला बसू देत नाहीत. पुढारिणीचं डोकंच फिरलं. तिसऱ्या प्रॅक्टिकलच्या सकाळी तिनं लंबूला जिन्यात गाठून चांगलंच फैलावर घेतलं. आम्ही रविवार मोडून मरायचं आणि तुमचे नखरे सांभाळायचे, इथपर्यंत ती बोलून गेली. लंबूनं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीतून अ‍ॅप्रन काढला. घासून घासून खिसा विरला होता, पण शिक्का काही गेला नव्हता.

पुढारीण जरा वरमली. दुसरा देते, बिनशिक्क्याचा, म्हणाली.

"देऊ नकोस. अदलाबदल कर," लंबू म्हणाली. "आजच्या दिवस तुझा मी घालते, माझा तू घाल."

त्यात काय एवढं, असं पुढारिणीला वाटलं. लॅबच्या दारात तिथले शिपाई मामा टेबलं नेमून देत होते. लंबूला त्यांनी पुढे पाठवलं. मग पुढारिणीच्या चेहऱ्याकडे न बघता खिसा बघितला आणि म्हणाले, "मागचं टेबल."

मागच्या टेबलावर सहा जण होते आणि सहाही खिशांवर निळा शिक्का. ब्युरेट गळत होती, फ्लास्कची कड फुटलेली होती, नळाला पाणी नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा मामांकडे गेली आणि हे कुणाच्या डोक्यातून निघालं, असं तिनं विचारलं.

मामांनी खिळ्याला अडकवलेली चिठ्ठी दाखवली. मंडळाचे अ‍ॅप्रन चटकन ओळखू यावेत म्हणून शिक्का मारला आहे, कृपया नोंद घ्यावी, असं तिच्यात लिहिलं होतं. "घेतली नोंद," मामा म्हणाले. "चांगलं सामान यांच्या हातून फुटलं, तर भरून कोण देणार?"

खाली सही तिचीच होती. वर्षभर ती याच खोलीत पुढच्या टेबलापाशी उभी राहत होती, आणि मान वळवण्याची तसदी तिनं एकदाही घेतली नव्हती. तिला मामांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"ही सही माझी आहे," ती म्हणाली.

मामांनी आता कुठे तिचा चेहरा नीट पाहिला. "ताई, तुम्ही होय? मग तुम्ही पुढे या की."

तिनं चिठ्ठी ओढून काढली, टराटरा फाडली आणि मागच्या सहाही जणांना पुढच्या टेबलांवर चला म्हणून हाक मारली. कुणी जागचं हललं नाही. सगळे तिच्या हातातल्या कपट्यांकडे बघत राहिले.

मग त्यांच्यातल्या एकानं हळूच विचारलं, "म्हणजे अ‍ॅप्रन आता परत करायचे का?"