महाराजांना दिसलेली चप्पल

नाट्यगृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. रंगमंचावर महाराज डोळ्यांना काळी पट्टी बांधून बसलेले. त्यांचा शिष्य खुर्च्यांमधून फिरत लोकांच्या वस्तू उंच धरायचा.

"बरं, महाराज, हे काय?"

"घड्याळ!"

"हं, आणि हे?"

"चष्मा!"

लोक तोंडात बोट घालत होते. माझा थोरला भाऊ तर हात जोडूनच बसलेला. दादा धंद्याने शिंपी, लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिन घेतो. महाराजांना दाखवायला म्हणून बाटली आणि सुई सोबतच आणली होती. शिष्याने बाटली उचलली.

"आता लगेच सांगा, महाराज!"

"औषध! सुईने टोचायचं! विष आहे ते, बाळा. आजपासून बंद. माझं मंतरलेलं पाणी पी."

दादाने चक्क मान डोलावली! दोन दिवस सुई चुकली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तावातावाने उठलो, तर शेजारी बसलेल्या आत्याने मला खाली ओढलं. आत्याबाई हसत होत्या.

"मेल्यांनी आमचीच भाषा चोरली की रे!"

आमचे आतोबा त्या काळचे नामांकित जादूगार. बारा पेटारे, दोन घोडे आणि भलीमोठी मिशी घेऊन गावोगाव फिरले. भर रंगमंचावरून घोडा नाहीसा करत, पण त्याआधी न चुकता सांगत, "मंडळी, मी तुम्हाला फसवणार आहे. नीट लक्ष ठेवा!" त्यांच्या खेळात डोळे बांधून वस्तू ओळखणारी बाई म्हणजे आमची आत्या.

आता तीच उठली, शिष्याच्या हातातली बाटली हिसकावून उंच धरली आणि तो तोंड उघडायच्या आत खणखणीत आवाजात म्हणाली, "चला, महाराज, हे काय?"

बाई शिष्यानेच पेरली असं महाराजांना वाटलं असणार. ते गरजले, "चप्पल!"

नाट्यगृहात जो हशा उसळला!

"'बरं' म्हणजे घड्याळ, 'हं' म्हणजे चष्मा," आत्याने सगळ्यांना ऐकवलं. "'आता' म्हणजे औषध, 'लगेच' जोडलं की सुईचं. आणि 'चला' म्हणजे चप्पल. उत्तर प्रश्नातच असतं. वीस वर्षं मी हेच केलं. पण आम्ही कुणाचं औषध नाही हो बंद केलं!"

"बाई, महाराजांचा शाप लागेल!" शिष्य किंचाळला.

"लागू दे. आधी माझ्या हातात काय आहे ते त्यांना ओळखू दे." आत्या लोकांकडे वळली. "खेळ बघा, टाळ्या वाजवा. पण ज्याला बाटली आणि चप्पल यांतला फरक कळत नाही, त्याला तुमच्या रक्तातलं काय कळणार? डोकं वापरा. औषधाचं डॉक्टरला विचारा."

दादा लाजेने लालबुंद झाला होता. त्याने आत्याकडून बाटली घेतली, सुई भरली, सदरा वर केला आणि महाराजांच्या देखत पोटात टोचून घेतली.