तळ्याकडचा फाटा

क्लिफ्टन हट्टो फेब्रुवारीत गेला. सकाळी गाडीला पाण्याची नळी जोडायला म्हणून वाकला आणि तिथेच बसला. मी कॉफीचा मग घेऊन बाहेर आलो तेव्हा तो मागच्या चाकाला टेकून होता आणि नळीचं पाणी त्याच्या बुटांवरून वाहत होतं. भरदार, सहा फुटी माणूस. उचलायला आम्ही चौघं लागलो.

आमचा मोटरहोमांचा पार्क पूर्व टेक्ससमधल्या पाइनच्या रानात आहे, टोलर तळ्यापासून जवळच. इथले सगळे आपापली घरं विकून चाकांवर राहायला आलेले. मी हॉलिस टीग. निवृत्त होईपर्यंत पेल्हॅम गावात शाळेची बस चालवली. हट्टो नवराबायको आमच्या शेजारचे. त्यांची मोटरहोम चाळीस फुटांची, आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं. दर हिवाळ्यात ते इथेच येऊन थांबत. कारण एकच. क्लिफ्टनचं गाव या तळ्याच्या तळाशी होतं.

सायप्रस बेंड त्याचं नाव. क्लिफ्टन पोरवयात असताना धरण बांधलं आणि गाव बुडालं. गावाला जाणारा जुना रस्ता मात्र अजून आहे. मोठ्या रस्त्याला डावीकडे फाटा फुटतो, झाडांतून उतरतो आणि सरळ पाण्यात शिरतो. रविवारी क्लिफ्टन घडीची खुर्ची घेऊन तिथे जाऊन बसायचा. एकटाच. "हा रस्ता थेट आमच्या अंगणात जातो," असं सांगायचा, आणि सांगताना हसायचा नाही.

दफन झालं, लेक कोरीन न्यू मेक्सिकोहून येऊन गेली. गाडी विकून माझ्याकडे ये, असं तिने आईला बजावलं. आठवड्याभराने क्लिफ्टनची बायको व्हर्लीन आमच्या दारात उभी.

"टीग, मला गाडी शिकवा."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? ती काय उभी आहे ती!"

माझी बायको लूला बिस्किटांचं पीठ मळत होती, तिचे हात थांबले. व्हर्लीनने त्या गाडीचं चाक कधी हातात धरलं नव्हतं. क्लिफ्टन चालवायचा, ती शेजारी बसायची. तो गाडी मागे घ्यायला लागला की ती खाली उतरून हात हलवायची आणि वर त्याची बोलणी खायची.

"हलवता न येणारं घर माझं कसं म्हणायचं?" ती म्हणाली. "कोरीनकडे जाईन, पण माझी मी जाईन. आणि परत यावंसं वाटलं तर येईन."

एवढ्या वजनाच्या गाडीला आमच्याकडे साधं लायसन्स चालत नाही. आधी लेखी परीक्षा, मग स्वतःची गाडी नेऊन रस्त्यावरची, आणि तोवर शेजारी त्या वर्गाचं लायसन्स असलेला माणूस हवा. माझ्याकडे ते होतं. लेखी ती पहिल्या फटक्यात पास झाली. मग आम्ही रोज सकाळी निघायला लागलो.

हात चांगला होता तिचा. आरसे बघायची, वळताना मागचं शेपूट कुठे जातंय याचं भान ठेवायची. एअर ब्रेक सुटताना फुस्स आवाज व्हायचा, त्याला पहिले काही दिवस दचकली, मग सवय झाली. परीक्षा ज्या रस्त्यावर घेतात त्याच रस्त्यावर मी तिला नेत होतो. पेल्हॅममधून बाहेर, तळ्याच्या बाजूने पेट्रोल पंपापर्यंत आणि परत. त्यातच तो डावीकडचा फाटा लागतो.

पहिल्यांदा फाटा आला तेव्हा तिने डावीकडचा दिवा लावला आणि गाडी हळू केली. मला वाटलं, नवऱ्याची आठवण आली असेल. काही न बोलता मी हाताने सरळ दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर तिने चाक फिरवायला सुरुवात केली. मी हात घालून चाक धरलं, तशी ती चिडली.

"अहो, आधी वळायला सांगता आणि मग चाक काय ओढता?"

"मी कुठे सांगितलं?"

"आत्ता! डावीकडे घे म्हणालात."

"व्हर्लीन, मी तोंडही उघडलं नाही."

हे अर्धंच खरं होतं. तोंड मी उघडलं होतं. 'सरळ' म्हणायचं होतं मला, पण शब्द बाहेर पडला नव्हता. पाइनच्या परागांचा मोसम होता, पिवळी धूळ सगळीकडे, घसा धरला असेल असं मी धरून चाललो.

तिने गाडी कडेला घेतली, पिवळं बटण ओढून ब्रेक लावला आणि समोर बघत राहिली.

"डावीकडे घे, व्हर्ली. असं म्हणालात," ती हळूच म्हणाली. "तुमच्याच बाजूने आला आवाज. पण तुम्ही मला अहोजाहो करता, टीग. आणि व्हर्ली तुम्ही मला कधीच म्हटलेलं नाही."

तेव्हा मी घशाचं सांगितलं. इंजिन घुरघुरत होतं. मग ती म्हणाली, "रस्ता बदलून मिळेल का?"

"परीक्षेचा रस्ता? नाही मिळायचा."

"मग चला. त्याला काय बोलायचंय ते बोलू दे. चाक माझ्या हातात आहे."

पुढचे काही दिवस फाटा आला की तिचे ओठ घट्ट मिटायचे आणि ती सरळ काढायची. दर वेळी माझा घसा बंद व्हायचा आणि फाट्यापुढचा पूल ओलांडला की सुटायचा. मी मुद्दाम करून बघितलं. एकदा गाणं म्हणत होतो. फाट्यापाशी गाणं कापल्यासारखं तुटलं. तोंड हलत होतं, सूर नव्हता. लूलाला मी हे सांगितलं नाही. तिने मला पुन्हा त्या गाडीत बसू दिलं नसतं.

परीक्षेच्या दिवशी लूला आमचा पिकअप घेऊन मागून आली. व्हर्लीन नापास झाली तर तिला रडायला वेगळी जागा हवी, असं लूलाचं म्हणणं. परीक्षा घ्यायला मिस रेन्फ्रो. लहानपणी माझ्या बसमधून शाळेत जायची. मागच्या बाकावर बसून इतकी बडबड करायची की मी तिला पुढे आणून बसवायचो. आता गाव तिला टरकून होतं.

"मिस्टर हॉलिस, तुम्ही खालीच थांबायचं," तिने मला बजावलं. "खिडकीतून खाणाखुणा केल्या तर तुमचंच लायसन्स काढून घेईन."

दोघी गेल्या. ऑफिससमोरच्या बाकावर मी आणि लूला बसलो. लूलाने आइस टी आणला होता. तो संपला, बर्फही वितळला, तरी गाडी दिसेना. आमच्यानंतर परीक्षेला गेलेला एक खडीवाला त्याचा ट्रक घेऊन परत आला. त्याला विचारलं.

"मोठी पांढरी गाडी? नाही बुवा. वाटेत कुठेच नाही दिसली."

मी पिकअपची किल्ली घेतली. लूला उठायला लागली तर तिला म्हटलं, तू थांब, चुकामूक नको.

फाट्यापाशी रस्त्याकडेच्या गवतात जोडचाकांचे रुंद माग उमटले होते. डावीकडे.

तो रस्ता तुम्ही बघायला हवा. डांबर फुटलेलं, मधल्या पट्ट्याचा रंग अजून कुठेकुठे शिल्लक. दोन्ही बाजूंनी झाडं इतकी जवळ आलेली की मोटरहोमने जाताना फांद्या मोडल्या होत्या. भर दुपार, पण खाली उजेड हिरवट होता, आणि पाखरांचा आवाज नव्हता. शेवटच्या उतारावर गाडी दिसली. पुढची चाकं पाण्यात, इंजिन चालू, उजवीकडचं दार उघडं. दाराबाहेर मिस रेन्फ्रो दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरून उभी. मला बघून ती काहीतरी बोलली. तोंड मोठ्ठं उघडत होतं, मिटत होतं. ऐकू काहीच येत नव्हतं.

मी पायरीवर पाय ठेवला.

"टीग, वर येऊ नका," व्हर्लीन म्हणाली. तिचे दोन्ही हात चाकावर होते, उजवा पाय ब्रेकवर इतका दाबलेला की मांडी थरथरत होती. नजर समोर पाण्यावर. "तो बसलाय तिथे."

शेजारची सीट रिकामी होती. मी नीट बघितलं, रिकामीच होती. व्हर्लीन म्हणून हाक मारायला गेलो तर तोंडातून नुसती हवा निघाली. मग मी पाय खाली घेतला. घाबरलो होतो, हे सांगायला लाज कसली. पण त्याहून जास्त म्हणजे दोघांच्या बोलण्यात आपण आलोय असं वाटलं.

"नाही, क्लिफ्टन," ती बोलत होती. मध्येच थांबायची, ऐकायची. "तुला दिसत असेल अंगण. मला पाणी दिसतंय... हो, ओळखते ना तुझ्या आईला, फोटो पाहिलाय मी... नाही. ऐक जरा. सगळं आयुष्य तू वळ म्हणालास की मी वळले, आजसुद्धा. त्याचं मला वाईट नाही वाटलं. कधीतरी वाटलं, पण ते जाऊ दे. इथून पुढे मात्र माझा रस्ता नाही."

पायाखालच्या डांबराला पाणी चाटत होतं.

"ते घर तुझं," ती म्हणाली. "हे माझं. उतर, राजा."

तिने पिवळं बटण ओढलं. फुस्स करून हवा सुटली आणि ब्रेक लागला. आणि गाडी उजवीकडे कलली. आम्ही दोघांनी बघितलं, मी आणि मिस रेन्फ्रोने. जड माणूस उतरताना कलते तशी कलली, दाराची पायरी खाली दबली आणि मग गाडी वर उचलली गेली, हलकी होऊन. वारा नव्हता. तरी चाकांच्या पुढ्यात पाण्यावर एक वर्तुळ उठलं. मग त्याच्यापुढे दुसरं, त्याच्यापुढे आणखी एक, माणसाच्या चालीने, आत आत. खोल पाण्यापाशी वर्तुळं थांबली आणि तळं सपाट झालं.

"थांबा म्हणते ना मी!" मिस रेन्फ्रो एकदम किंचाळली.

मी जागच्या जागी उडालो. तीही स्वतःच्याच आवाजाला दचकली. अडकून राहिलेलं वाक्य उशिरा सुटलं होतं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "किती ओरडले मी, मिस्टर हॉलिस. फाट्यापासून ओरडत होते. आणि माझ्याच सीटवरून कुणीतरी पुरुष बोलत होता. माझ्याच तोंडापाशी."

तिला थोडं पाणी प्यायला दिलं. मग मी व्हर्लीनला म्हटलं, "सरका. मी घेतो मागे."

"का? परीक्षा माझी आहे."

त्या अरुंद चढावरून चाळीस फुटी गाडी उलटी नेणं माझ्याच्यानेही जमलं नसतं कदाचित. मी मागे चालत हात हलवत राहिलो आणि ती इंच इंच येत राहिली. एकदा झाडाला घासली, तेव्हा खिडकीतून डोकं काढून माझ्यावर खेकसली, "नीट हात करा की, झोपलात काय?" अगदी क्लिफ्टनच्या सुरात. मग स्वतःच ओशाळली.

वर डांबरी रस्त्यावर आल्यावर मिस रेन्फ्रोने डोळे पुसले, कपडे सारखे केले.

"नापास करावं लागेल, मिस व्हर्लीन. सांगितलेला रस्ता सोडलात."

"करा, बाई. तुमच्या जागी मीही केलं असतं."

"पण गाडी मागे घेण्यात नाव ठेवायला जागा नाही."

पुढच्या वेळी मिस रेन्फ्रोने आपणहून व्हर्लीनचीच परीक्षा मागून घेतली. ऑफिसातून निघाल्यापासून ती बोलत होती म्हणे, शाळा, भाऊ, आईचा संधिवात, जे सुचेल ते. फाट्यापाशी तर "सरळ, सरळ, सरळ!" असं तिने इतक्या जोरात म्हटलं की व्हर्लीनला हसू फुटलं. आवाज कुठे अडला नाही. व्हर्लीन पास झाली. त्या संध्याकाळी पार्कात सगळ्यांनी आपापली ताटं आणली, मी मांस धुरावर लावलं होतं, आणि लूला एवढी रडली की व्हर्लीनलाच तिची समजूत घालावी लागली.

एप्रिलच्या शेवटी ती निघाली. आम्ही सगळे खडीवर उभे होतो. फाटकाशी तिने मोठं वळण घेतलं, कुंपणाच्या खांबाला धक्कासुद्धा न लावता, आणि गेली.

कोरीनकडे ती काही दिवस राहिली आणि मग पुढे निघाली, एकटीच. मधूनमधून फोन करते. उन्हाळ्यात एकदा आला तेव्हा वाळवंटातल्या कुठल्यातरी माळावर थांबली होती. दोनदा रस्ता चुकले, सांगत होती, आणि दोन्ही वेळा माझी मी चुकले. मी हसलो. मग तिने विचारलं.

"टीग, त्या दिवशी तुम्ही बाहेर उभे होतात. तो उतरला तेव्हा तुम्हाला दिसला का?"

"नाही, व्हर्लीन. गाडी कललेली दिसली. पाणी हललेलं दिसलं. बाकी काही नाही."

"मी मान वळवली नाही," ती म्हणाली. "वाटलं, बघितलं तर मी पण उतरेन."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"आता वाटतं, बघायला हवं होतं. कुठले कपडे होते अंगावर, तेवढं तरी."

लूलाने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला तिकडच्या हवेबद्दल विचारायला लागली.