खोटी जीभ बांधणारं पान

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीत शेजारी, जिन्यावर शेजाऱ्यांचे पाहुणे. मधोमध मौनीबाबा. नाव मौनी, पण तोंडाचा पट्टा सकाळपासून सुरू होता.

"सत्याला कसली भीती? खोटी जीभ हे पान स्वतः बांधतं!" बाबांनी पांढऱ्या ठिपक्यांचं रुंद हिरवं पान उंच धरलं.

आईची सोन्याची पाटली कपाटातून नाहीशी झाली होती आणि घरादाराचा संशय धाकट्या सुनेवर होता. तिचा शिंपी नवरा भिंतीला टेकून उभा होता. बायकोनं पाटली घेतलेली नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण आईसमोर ब्र काढायची त्याची छाती नव्हती. काय ते पानच सांगेल, असं म्हणून त्यानं हात झटकले.

रीत सोपी होती. घरच्यांनी पान कपाळाला लावायचं, संशयितानं देठासकट चावायचं. थोरल्या सुनेनं लावलं, आईनं लावलं, शिंप्यानंही लावलं. कुणालाच काही झालं नाही. मंडळी धन्य झाली.

धाकटीनं चावलं. "मी नाही घे..." पुढचे शब्द फुटेनात. ओठ सुजले, लाळ गळू लागली, जीभ तोंडात मावेना.

"बांधली! बांधली!" बाबा ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "हिची बॅग बाहेर काढा."

ती गळा धरून खाली बसली, तेव्हा कुठे शिंपी तिला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात धावला. मागोमाग अर्धी गर्दी, आणि पान मिरवत बाबाही.

डॉक्टरबाईंनी आधी इंजेक्शन दिलं, मग गर्दीकडून सगळी हकिगत ऐकत पान पाहिलं.

"डिफेनबाखिया! अहो, शोभेचं झाड आहे हे. नर्सरीत मिळतं, हॉटेलांत कुंड्या भरून असतं. याच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेत घुसतात. खरं बोला नाहीतर खोटं, चावलं की तोंड सुजणारच. घसा आणखी सुजला असता तर गुदमरून मेली असती ही!"

"श्रद्धा नसेल त्याला..." बाबांनी सुरुवात केली.

"तुमची आहे ना? मग चावा." बाईंनी पान त्यांच्या तोंडाशी नेलं. "सत्याला कसली भीती?"

बाबा गर्दी सारत जे सटकले, ते पुन्हा दिसले नाहीत.

"पण आम्हाला काही झालं नाही," थोरली पुटपुटली.

"कारण तुम्ही चावलंच नाहीत! सगळ्यांनी कपाळाला लावायचं आणि हिनंच का चावायचं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही? पुढच्या वेळी टाळ्या वाजवण्याआधी डोकं वापरा."

सूज उतरल्यावर आई तिला न्यायला आली. "झालं गेलं विसर. चल घरी."

शिंप्यानं बायकोच्या चपला पुढे ठेवल्या. "बोल ना काहीतरी."

ती जड जिभेनं, शब्द तोडत बोलली, "मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येत होतं ना?"