वीस ग्रॅमचं वजन

आमच्या लॅबमधली वजनं जिल्ह्यात सगळ्यांत जास्त चकाकायची आणि ती चकाकवणारा मी. मुंजाजी, लॅब अटेंडंट, चौथी पास. खंडेनवमीला गावात कुणी विळे-कोयते पूजतं, कुणी मोटार पूजतं. मी वजनपेटी पूजायचो. आदल्या दिवशी पितळी वजनं चिंचेच्या कोळात भिजवायची, विटेच्या चुऱ्यानं खसाखसा घासायची, मग हळद-कुंकू. बारा वर्षं हे चाललं होतं. नवे मास्तर यायचे, "वजनाला हात लावू नका, चिमट्यानं उचला" म्हणून पोरांना सांगायचे, आणि मी मागं उभा राहून मिशीत हसायचो. हात न लावता कुठं वस्तू स्वच्छ राहते होय?

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक आले होते, सफारी घातलेले, घड्याळाकडं सारखं बघणारे. एक प्रयोग ठरलेला: काचेच्या पेटीतल्या तराजूवर धातूच्या तुकड्याचं वस्तुमान काढायचं. तराजू एक, तुकडा एक, पोरं बारा. उत्तर कॉलेजच्या रजिस्टरात लिहिलेलं होतं, २४.६० ग्रॅम. वजनपेटी नवी होती तेव्हा कुणीतरी मोजलेलं, ते तसंच चालत आलेलं.

आणि आमच्याकडची रीत अशी, की तो आकडा मी पोरांना आधीच सांगायचो. पाणी ठेवायच्या निमित्तानं टेबलाशी वाकायचं आणि पुटपुटायचं, "चोवीस साठ." पोरांचं वर्ष वाचतंय, यात वाईट काय, असं मला वाटायचं. पोरं तराजूपुढं बसून दोन मिनिटं पारडं डोलवायची आणि चोवीस साठ लिहून उठायची.

शेवटचा नंबर सत्यशीलाचा. मानवतकडून पहिल्या एसटीनं येणारी, बौद्धवाड्यातली पोर. विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणापासून आमच्या वर्गात बाकं वेगळी झाली होती. ही एकटी पुढच्या बाकावर बसायची. तिला अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला जायचं होतं. मी वाकलो, तर ती हळूच म्हणाली, "सांगू नका मामा. मी मोजते की."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढा तोरा? मोज म्हटलं, मोज बाई.

तिनं खरंच मोजलं. तीनदा. काचेचं दार लावून काटा थांबेपर्यंत श्वास धरून बसली. वहीत लिहिलं, २४.९८.

परीक्षकांनी अकरा वह्यांवर खुणा केल्या आणि बाराव्या वहीवर पेन आपटलं. "हे काय आहे?"

"रीडिंग हाय सर."

"अकरा जणांचं एक येतं आणि तुझं एकटीचं वेगळं? सवलतीवर पुढं येता, निदान वजन करायला तरी शिका. या प्रयोगाला शून्य."

अकराही पोरं खाली बघत उभी होती. आमचे सूर्यभान सर, केमिस्ट्रीचे, खिडकीबाहेर बघायला लागले. शून्य पडलं म्हणजे प्रॅक्टिकल गेलं, प्रॅक्टिकल गेलं म्हणजे मेडिकल गेलं. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

सत्यशीला जागची हलली नाही. "सर, या वीसच्या वजनावरचा आकडा पुसलाय. बघा की. लय झिजलंय हे. वजनातच फरक असंल."

"आकडा पुसला म्हणून वजन कमी होत नसतं. म्हणजे अकरा जण चुकले आणि तू बरोबर?"

मी वीसच्या वजनाकडं बघितलं. सगळे तेच उचलायचे, म्हणून तेच काळं पडायचं, म्हणून त्यालाच मी जास्त घासायचो. आणि मला ते पाणी आठवलं. दर वर्षी घासून झालं की चिंचेचा कोळ हिरवट व्हायचा आणि मी तो मागच्या मोरीत ओतून द्यायचो. सूर्यभान सर दर जूनला फळ्यावर लिहायचे: द्रव्य नाहीसं होत नाही. बारा वर्षं मी ते डस्टरनं पुसत होतो. वजन हलकं झालं होतं, म्हणूनच तुकडा जड दिसत होता.

बोलावं तर वजन खोटं ठरणार. वजन खोटं ठरलं की लगेच दुसरा प्रश्न येणार: मग अकरा जणांचं उत्तर खरं कसं आलं? म्हणजे माझी रीत उघडी, माझी नोकरी गेली, अकरा पोरं गोत्यात. गप्प बसावं तर एकटी सत्यशीला जाणार. हिशोब सोपा होता. मी गप्पच बसलो होतो.

परीक्षकांनी वहीत शून्य काढायला पेन टेकवलं. सत्यशीलानं माझ्याकडं बघितलं. तिनं माझं नाव घेतलं असतं तर तिचं वर्ष वाचलं असतं. आकडा कोण सांगतो, हे तिला मघाशीच कळलं होतं. तिनं नाव घेतलं नाही. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

"थांबा सायेब," मी म्हणालो. कमरेची किल्ली काढली. कपाटात दुसरी वजनपेटी होती, परभणीहून आणलेली, दोन वर्षं सीलबंद. तपासणीला दाखवायला म्हणून जपलेली. सील तोडलं. चिमट्यानं, आयुष्यात पहिल्यांदा चिमट्यानं, नवं वीस ग्रॅम एका पारड्यात ठेवलं आणि माझं चकचकीत वीस ग्रॅम दुसऱ्यात.

माझं पारडं वर गेलं. लगेच आणि बरंच वर.

परीक्षक तराजूवर वाकले. "हे कुणी केलं?"

"म्या केलं. दर खंडेनवमीला घासतो."

"मग या अकरा जणांचं चोवीस साठ कसं आलं?"

"म्याच सांगितलं, सायेब. हिलाबी सांगत होतो. ही न्हाई म्हणली."

एका पोरानं मला दात-ओठ खात शिवी दिली, ती मी ऐकली आणि गिळली. परीक्षकांनी नव्या पेटीनं सत्यशीलाला पुन्हा मोजायला बसवलं. काटा थांबायला वेळ लागला. २४.६०. त्यांनी शून्याची सुरुवात खोडली, पूर्ण मार्क लिहिले. माफी मागितली नाही. मग अकरा जणांना परत रांगेत उभं केलं आणि माझं नाव लिहून घेतलं.

संध्याकाळी मी व्हरांड्यात बसलो होतो. मेमो येणार होता, सही करायची होती. सत्यशीला एसटीला निघताना थांबली. मला वाटलं, आता पोर आभार मानणार. खरं सांगतो, मी त्याची वाट बघत होतो.

ती म्हणाली, "मामा, बारा वर्षं घासलं म्हणता. माझ्या आधी कुणी खरं मोजलं असंल, त्याचं काय झालं?"

ती गेली.

मला वालूरचा सिताराम आठवला. तीन वर्षांमागं मी सांगितलेला आकडा सोडून त्यानं खरं मोजलं, त्याचं चोवीस एक्क्याण्णव आलं होतं आणि तो नापास झाला होता. पोरगा रडायला लागला, तेव्हा मीच सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "तुझा हातच जड हाय रे." सगळे हसले होते. तो पुन्हा परीक्षेला आला नाही.