टेसाची ओळ

"अहो टोपीवाले! ओळी ओलांडू नका! पेंढ्यातनं चाला, पेंढ्यातनं. झाडं मोडतात माझी!"

टोपीवाल्याने दचकून पाय मागे घेतला. आर्डिसचा आवाज अजूनही शेताच्या पार टोकाला पोचत असे. सत्तरीला आलेली बाई, गुडघे कुरकुरायचे. पण जून उजाडून स्ट्रॉबेरीला रंग चढला, की तराजूमागची ती उंच खुर्ची तिचीच. नवरा गेरिट ट्रॅक्टर, पाणी, मजूर बघायचा. गिऱ्हाइकं आर्डिसची. लोक गावागावांतून गाड्या काढून यायचे, तिच्याकडून टोपली घ्यायचे, ती सांगेल त्या ओळीत बसून आपल्या हाताने फळ तोडायचे, तोलून न्यायचे. जाता जाता छपराखालच्या दुकानातला मुरंबा, वाटाण्याच्या शेंगा, सकाळचे तळलेले डोनट घ्यायचे. रविवारी शेत बंद. रविवार देवाचा.

दुसऱ्या कुणाला ओरडायला तिने मान वळवली. कुंपणापाशी एक निळी गाडी थांबली होती. गाडी अनोळखी होती. पण उतरलेल्या बाईने दार हाताने न लावता कमरेने ढकलून लावलं. असं दार एकच बाई लावायची.

कोरीन. तिच्या मुलाची, डर्कची, बायको. म्हणजे पूर्वीची.

आणि तिच्या हाताला धरून, पिवळे गमबूट घातलेली एक मुलगी.

आर्डिसने एप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते. कोरीन सरळ तराजूपाशी आली. थोडी वाळली होती, केस कापले होते. मुलगी डोनटच्या काचेला नाक लावून उभी राहिली, तेवढ्यात कोरीन हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही कोण, हे तिला सांगितलेलं नाहीये मी. आज आम्ही नुसत्या बेरी तोडायला आलोय. तेवढंच राहू द्या."

"बरं," आर्डिस म्हणाली.

"सारखी विचारत होती, स्ट्रॉबेरी कुठं लागते म्हणून. शहराजवळ शेतं नाहीत असं नाही." कोरीनने खांदे उडवले. "गाडी इकडंच वळली."

आर्डिसला पुष्कळ बोलायचं होतं. चार वर्षं ते तिच्या जिभेवर होतं. त्या हिवाळ्यात, बर्फ गुडघाभर असताना, कोरीन अशीच अचानक आली होती. डर्कने पिऊन गाडी चालवली होती, मागे पोर असताना खड्ड्यात घातली होती. "थोडे दिवस आम्हाला इथं राहू द्या," एवढंच ती म्हणाली होती. पोरीचा बर्फातला कोटसुद्धा अजून उतरवला नव्हता. आर्डिसने तिच्यापुढे कॉफी ठेवली, नवरा-बायकोचं त्यांनी आपसांत मिटवावं म्हणून समजावलं, आणि मग आतल्या खोलीत जाऊन डर्कला फोन केला. "इथं आहे ती. येऊन घेऊन जा." बाहेर आली तेव्हा कोरीन पोरीच्या कोटाची चेन पुन्हा वर ओढत होती. तिने ऐकलं होतं. त्यानंतर महिन्याभरात ती पोरीला घेऊन बहिणीकडे निघून गेली, आणि पुढे डर्कही कुठे टेक्सासकडे गेला, तो गेलाच.

"तराजूवाल्या बाई!" मुलगी ओरडली. "हा मोठा काटा कशाला?"

"तुझ्यासारख्या चोरांसाठी," आर्डिस म्हणाली. कुठल्याही पोराशी ती हेच बोलायची, म्हणून बोलता तरी आलं. "चढ बघू. शेतात जायच्या आधी एकदा तोलायचं, आल्यावर एकदा. जेवढी भरशील जास्त, तेवढ्या बेरी पोटात गेल्या. मग तेवढी तुला इथंच ठेवून घेणार."

मुलगी काट्यावर चढली. मग तिने विचार केला. "आणि मधेच शू केली तर?"

"टेसा!" कोरीन म्हणाली.

"तर माझं नुकसान," आर्डिस म्हणाली, आणि टेसा खदखदून हसली. वाऱ्याने तिचे केस मागे गेले. कान बाहेर आले. मोठे, सुपासारखे उभे कान, थेट गेरिटचे. आर्डिस काट्याचे आकडे वाचायचेच विसरली.

तिने त्यांना नऊ नंबरची ओळ दिली. चांगली ओळ, सरोवराकडच्या बाजूची. ती सहसा राखून ठेवायची. टेसाच्या हातात तिने तारेला नारिंगी चिंधी बांधलेला झेंडा दिला. "जिथं तोडायचं थांबशील, तिथं हा रोवायचा. म्हणजे पुढच्या माणसाला कळतं, कुठनं सुरू करायचं. आणि पानं उचलून बघ. गोड असतात त्या लपून बसतात."

सकाळभर आर्डिस तोलत होती, पैसे घेत होती, उन्हाबद्दल बोलत होती, आणि सगळा वेळ नऊ नंबरच्या ओळीतली पिवळ्या बुटांची जोडी बघत होती. लांबवर गेरिटचा ट्रॅक्टर बराच वेळ एकाच जागी उभा होता.

टेसा परतली ती हनुवटीपर्यंत लाल होऊन. काट्यावर उभी राहून तिने पोट आत ओढलं.

"अगदी तेवढीच भरलीस," आर्डिस खोटंच म्हणाली. "प्रामाणिक पोर आहे."

"माझा झेंडा लावलाय मी. पण बाई, कुणी दुसऱ्यानं तिथनं सुरू केलं तर?"

"त्यासाठीच तर असतो तो."

"नाही! माझी ओळ आहे ती. मी परत येणार आणि तिथनंच पुढं तोडणार."

आर्डिसने कोरीनकडे पाहिलं. कोरीनने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

"ठेवते तुझी ओळ," आर्डिस म्हणाली.

टेसा गाडीकडे पळाली. कोरीनने टोपली उचलली, पण निघाली नाही. ती तशीच उभी राहिली, टोपलीच्या कडेवरून बोट फिरवत. तेवढ्यापुरतं छपराखाली दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं. तिने बोलायला जागा करून दिली होती. आर्डिसला ते समजलं. चूक झाली माझी, फोन करायला नको होता. चार शब्दांचं काम. तिने तोंड उघडलं.

"मुरंबा करणार असशील तर साखर बेताची घाल," ती म्हणाली. "यंदा फळ गोड आहे."

कोरीनने मान हलवली. "बरं," ती म्हणाली, आणि गेली. गाडीचं दार कमरेने लावल्याचा आवाज आला.

रात्रीच्या जेवणाला गेरिट बराच वेळ बटाटा कुस्करत राहिला. मग म्हणाला, "कान माझे आहेत पोरीचे."

"हो. बिचारी."

तो हसला नाही. "बोललीस का?"

"गिऱ्हाईक होतं," आर्डिस म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून नऊ नंबरच्या ओळीत तिने कुणाला पाठवलं नाही. आठ भरली की दहा. लोक बोट दाखवून विचारायचे, "ती लालभडक दिसतेय की, तिकडं जाऊ?" ती म्हणायची, "औषध मारलंय." मजुरांना म्हणाली, राखीव आहे. पिकलेलं फळ झाडावर सोडणाऱ्याला एरवी ती सगळ्यांदेखत झापायची. एक सडलं की बुरशी शेजारच्या ओळीत चालत जाते, हे तिनेच शेकडो जणांना शिकवलं होतं.

"नवात कुणी नाही आज?" गेरिटने विचारलं.

"ओलं आहे तिकडं."

"आठवडाभर पाऊस नाही, आर्डिस."

"तरी ओलं आहे."

त्याने टोपी डोक्यावर सारखी केली आणि तो कामाला गेला.

रविवारी चर्चमधून आल्यावर, चांगल्या कपड्यांतच, ती एकटी शेतात गेली. झेंडा होता. पोरीच्या हाताने रोवलेला, तिरका. त्याच्या अलीकडे झाडं नीट तोडलेली, मधेच कच्ची पांढरी फळंही ओढलेली. पलीकडे सगळं पिकून, फुटून, पेंढ्यावर लोळत होतं. दारूसारखा आंबूस वास येत होता, गांधीलमाश्या घोंगावत होत्या. एका फळावर राखाडी लव धरली होती. काढून टाकायला ती वाकली, हात पुढे केला. गुडघा कळवळला. हात मागे घेऊन ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.

घरात फोन होता. कोरीनच्या बहिणीचा नंबर तिला पाठ होता. त्या संध्याकाळी तिने तो फिरवला, पहिली घंटा वाजली, आणि तिने ठेवून दिला. फोनवरून काय बोलायचं? तिच्या फोनवर कोरीनने विश्वास तरी का ठेवावा?

निळी गाडी आली नाही. स्ट्रॉबेरी संपली. आर्डिसने रस्त्यावरची पाटी उतरवली, तराजूवर कापड टाकलं. जुलैत, दरवर्षीसारखी, सगळी पानं जमिनीसरशी कापून टाकायची होती, म्हणजे झाडं नव्याने फुटतात. गेरिट सकाळीच ट्रॅक्टर घेऊन गेला. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. एकेक ओळ भुंडी होत गेली. सात. आठ. नऊच्या मध्यावर ट्रॅक्टर थांबला.

आता झेंडा उपटतो, असं तिला वाटलं. गेरिट उतरला नाही. त्याने मागचं पातं वर उचललं, ट्रॅक्टर हळूच पुढे नेला, पातं पुन्हा खाली सोडलं.

दुपारी तो आला, हात धुतले, बसला. "नवात एका जागी पातं खाली बसेना," तो कॉफीच्या कपाकडे बघत म्हणाला.

पातं याच वसंतात नवीन बसवलेलं होतं. आर्डिसने त्याच्यासमोर पाईचा मोठा तुकडा ठेवला, आणि त्याच्या कानाला सहज हात लावल्यासारखं करून ती पुन्हा खिडकीपाशी गेली. सरोवरापर्यंत सगळं रान तपकिरी, साफ झालं होतं. मध्ये वीतभर हिरवं, आणि त्यात ती नारिंगी चिंधी, तिरकीच.